हाकेला ओ

“वहिनी, कार्ड मेलंय म्हणतोय तो. बदलून टाका!” साहेब सर्व्हरच्या खोलीच्या दारातून ओरडले.

तिने मान वळवली नाही. सकाळी आल्या आल्या तिने सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, “आजपासून मला वहिनी म्हणायचं नाही. नावाने हाक मारा. नाहीतर मी ओ देणार नाही.” सगळे हसले होते. पावत्या छापणारे काका तर म्हणाले, “असं कसं वहिनी, जिभेला वळण पडलंय!” साहेबांनीही हसून घेतलं, चहा मागवला आणि विषय संपवला.

विषय संपला नव्हता. ज्या नवऱ्यामुळे ती या मालवाहतुकीच्या डेपोत सगळ्यांची वहिनी झाली, तो आता तिचा नवरा नव्हता. कोर्टाने गेल्याच महिन्यात दोघांना मोकळं केलं होतं. इथली नोकरी तर त्याने केव्हाच सोडली होती आणि तेव्हापासून ही खोली ती एकटी सांभाळत होती. तरी काही बिघडलं की साहेब आधी त्यालाच फोन लावत. ती समोर उभी असताना! तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आज तिने ठरवलं होतं, आता बास.

आणि नेमका आजच सर्व्हर रुसला. मशीन चालू, पंखे घरघरताहेत, पण नेटवर्क कार्डाचा दिवा काही लागेना. सर्व्हर एकीकडे, डेपो एकीकडे. पावती छापली जाईना आणि पावतीशिवाय फाटक उघडत नव्हतं. आवारात भरलेले ट्रक तटले होते. ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसले होते.

“अहो वहिनी, ऐकताय ना? तो लाइनवर आहे.” साहेबांनी मोबाइल स्पीकरवर टाकून तिच्यापुढे धरला.

“कार्डच गेलं असणार,” मोबाइलमधून तो ओळखीचा, सगळं ठाऊक असलेला आवाज आला. “कपाटात एक नवं पडलंय. ते घालायला सांगा तिला. तेवढं जमेल तिला.”

तेवढं जमेल! तिने दात आवळले. मशीन बंद केलं, झाकण उघडलं, नवं कार्ड बसवलं, मशीन सुरू केलं. दिवा लागला नाही. साहेबांचा चेहरा पडला. तिला मात्र बरं वाटलं, खोटं कशाला बोला. दोन-दोन कार्डं एकदम मरत नसतात.

तिने जुनं कार्ड परत जागेवर बसवलं आणि आपल्या पद्धतीने सुरुवात केली. आधी मशीनलाच विचारलं, तुझ्या पोटात काय काय आहे ते सांग. यादी आली. कार्ड त्यात होतं, ठणठणीत. मग सुरू होताना मशीन पडद्यावर जे काही बडबडतं, ते सगळं तिने सावकाश वाचलं आणि एका ओळीपाशी थबकली. कालच सर्व्हरवर सिस्टिमची नवी आवृत्ती चढवली होती. त्या आवृत्तीने कार्डांना नवी नावं दिली होती. कार्ड सुरू करणारी फाइल मात्र जुनीच होती. ती रोजच्यासारखी जुन्या नावाने कार्डाला उठवत होती आणि त्या नावाचं मशीनमध्ये आता कोणीच नव्हतं.

ती हसली. चांगली मोठ्याने हसली.

“सापडलं?” साहेब आत घुसले.

“कार्ड मेलेलं नाही. त्याचं नाव बदललंय. आपली फाइल त्याला जुन्या नावाने हाका मारतेय, मग ते ओ कशाला देईल?”

“एवढंच ना?” मोबाइलला पुन्हा कंठ फुटला. “मग त्याला जुनंच नाव लावून दे. एका ओळीचं काम आहे. सगळं पूर्वीसारखं चालेल.”

“हां, बघा!” साहेबांना हायसं वाटलं. “लावा वहिनी जुनंच. कशाला उगाच घोळ?”

एका ओळीचं काम होतं, हे खरं. तिलाही ते ठाऊक होतं. बाहेर हॉर्न कोकलत होते.

“नाही,” ती म्हणाली. “नाव त्याचं बरोबर आहे. हाक चुकतेय. बदलायचं ते हाक मारणाऱ्याने.”

आणि साहेबांच्या हातातला फोन तिने सरळ अंगठ्याने बंद केला.

तिने फाइल उघडली. जुनं नाव जिथे जिथे होतं तिथून खोडलं, नवं लिहिलं. कार्डाचा दिवा लागला, हिरवागार, आणि लुकलुकायला लागला. पलीकडे काकांचा प्रिंटर खरखरला. फाटक उघडलं. पहिला ट्रक बाहेर पडला तसे हॉर्न थांबले.

साहेब बाहेर जाऊन सगळं डोळ्यांनी बघून परत आले. त्यांच्यामागून काकाही आले.

“वा, वहिनी!” साहेब म्हणाले.

ती पाठमोरी बसून झाकणाचे स्क्रू आवळत होती.

“अहो वहिनी...”

ती आवळतच राहिली. साहेब थांबले. उशिरा का होईना, डोक्यात उजेड पडला असावा. त्यांनी घसा खाकरला, शर्ट नीट केला, हाक मारायला तोंड उघडलं. ते उघडंच राहिलं.

तिने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि ती वाट बघत बसली. मग साहेब काकांच्या कानाशी कुजबुजल्याचं तिला ऐकू आलं.

“काका, यांचं नाव काय हो?”