खोकणारी पिशवी

सकाळी कचऱ्याची गाडी आली आणि इमारतीतले सगळे आपापल्या पिशव्या घेऊन फाटकापाशी जमले. मीही उभी राहिले. तेवढ्यात माझ्या हातातली सुक्या कचऱ्याची पिशवी खोकली.

शेजारच्या काकूंनी वळून पाहिलं. "आज सासऱ्यांना खाली आणलंस वाटतं?"

"नाही हो, वरच आहेत," मी कसंनुसं हसले. पिशवी पुन्हा खोकली. आधी कोरडा ठसका, मग घशात अडकून राहिलेली घरघर. रोज भिंतीपलीकडून ऐकते मी, ओळखायला चुकेन कशी?

काल रात्री नवऱ्याचे साहेब जेवायला आले, तेव्हा मी बाबांच्या खोलीला बाहेरून कडी घातली होती. "एकदाचा तो खोकला घराबाहेर गेला ना, की सुटले बाई," असं नवऱ्याला म्हणालेही होते. बाबांनी ऐकलं असावं. त्यानंतर ते खोकलेच नाहीत. मला केवढं हायसं वाटलं होतं.

आता सगळ्यांच्या नजरा पिशवीवर होत्या. शरमेनं माझी मान वर होईना. पिशवी गाडीशी टेकवून मी धावत जिना चढले.

कडी अजून बाहेरूनच होती.

आत बाबा पलंगावर बसले होते. खांदे गदागदा हलत होते, तोंड उघडत होतं, पण आवाज येत नव्हता. मला पाहून ते ओशाळले आणि त्यांनी तोंडावर टॉवेल दाबून धरला.

खाली खोकल्याची मोठी उबळ आली. मग गाडीवरच्या मावशींची हाक आली, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशी.

"वहिनी, हे ओल्यात टाकू की सुक्यात?"