पुलाच्या अलीकडे

पुलाच्या मध्यावर गाड्यांची रांग थांबली आणि मागच्या सीटवर नणंदेला पुन्हा कळ आली. नणंदेचं डोकं तिच्या, वहिनीच्या मांडीवर होतं. नवरा गाडी चालवत होता. पुढे बसलेल्या सासूबाई काचेबाहेर नदीकडे बघत होत्या. पूर्वी इथे होडी होती, तेव्हा ना तपासणी ना खोळंबा, असं पुटपुटत.

सगळं नीट ठरलं होतं. गर्भ तिचा आणि नवऱ्याचा, पोट नणंदेचं. नणंदेचं घर पुलापलीकडच्या देशात. तिथल्या कायद्यात जी जन्म देईल तीच आई. मूल तिथे झालं असतं तर स्वतःचंच बाळ दत्तक मागत दोघांना कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या असत्या, आणि निकालापर्यंत बाळ पलीकडेच. अलीकडे झालं, तर पहिल्या श्वासापासून तिचं. म्हणून सातव्या महिन्यातच नणंदेला इकडे आणून ठेवलं होतं.

पण नणंद शिवणकाम करणारी. एका गिऱ्हाइकाच्या कोटाला अस्तर लावायचं राहिलं होतं, आणि अर्धवट काम टाकून तिला चैन पडत नसे. आज सकाळी ती गुपचूप पलीकडे आपल्या दुकानात गेली. कोट हातावेगळा केला आणि उठताना पाणमोट फुटली. फोन येताच तिघं गाडी घेऊन तिला आणायला पलीकडे धावली होती.

"वहिनी," दात आवळत नणंद म्हणाली, "पुलाच्या त्या टोकाला मी आई, या टोकाला आत्या. मला आत्याच व्हायचंय. दादाला म्हणावं, हाक गाडी."

चौकीवरच्या शिपायाने गाडीत किती जण, असं विचारलं. नवरा खिशात कागद चाचपू लागला.

"सध्या चार," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही वेळ लावलात तर पाच."

शिपायाने मागे वाकून पाहिलं आणि पळतच जाऊन आडवा दांडा उचलला.

अलीकडच्या दवाखान्यात स्ट्रेचर आत गेलं आणि थोड्याच वेळात मुलगी झाली. जावळ काळंभोर, दाट, आवाज खणखणीत. सासूबाई भिंतीला टेकून मटकन खाली बसल्या. नवरा रडत होता की हसत, त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

सगळ्यांना आत घेतल्यावर नर्स बाळाच्या मनगटाला आईच्या नावाची पट्टी बांधायला आली. "बाळाची आई कोण?"

इतकी वर्षं वाट पाहिलेला प्रश्न. वर्गातल्या मुलीसारखा तिने नुसता हात वर केला.

पलंगावरून, डोळे मिटलेलेच ठेवून नणंद म्हणाली, "हजेरी नाही चाललीय, वहिनी. तोंडाने सांग."