पूर्ण नाव

फोननं विशाखाला तिचं पूर्ण नाव विचारलं, आणि आनंदराजच्या हातातला घास हातातच राहिला.

एसटीत ड्रायव्हर असलेल्या आनंदराजला इंग्रजी येत नव्हतं. पण ‘फुल नेम’ एवढं कळायला इंग्रजी यावं लागत नाही.

“दम धर,” तो लेकीला म्हणाला. “त्या फोनातल्या बाईला कशाला पायजे?”

“पप्पा, प्रॅक्टिस चालू आहे ना माझी.” विशाखानं बटण दाबून आवाज थांबवला. उद्या पुण्याचा एक दवाखाना व्हिडिओ कॉलवर तिची मुलाखत घेणार होता. नर्सिंगला कॉलेजात पहिली आलेली पोरगी, पण इंग्रजी सुरू झालं की घामाघूम व्हायची. म्हणून हल्ली उमरीच्या या दोन खोल्यांत जेवण आणि इंग्रजी एकदमच चालायचं. फोनमधली एआयची बाई मुलाखत घेणारी मॅडम व्हायची, आणि विशाखा उमेदवार.

ही बाई आनंदराजला पहिल्या दिवसापासून पसंत नव्हती. ती कधी चिडायची नाही. विशाखा चुकली तरी आधी ‘व्हेरी गुड’ म्हणायची आणि मग हळूच चूक सांगायची. एवढं गोड बोलणारं माणूस आनंदराजनं डेपोत तरी पाहिलं नव्हतं. डेपोबाहेर जी पाहिली, ती सगळी ओठात एक आणि पोटात एक अशीच निघाली.

“आधी गाव इचारलं,” तो म्हणाला. “मंग फादरचं इचारलं. आता आडनाव. लातूरच्या रूमवाल्या बाईनं असंच केलतं का न्हाई? आपल्याला बसवलं, च्या टाकला. आडनाव ऐकलं अन् गॅस बंद केला. म्हणे, पाव्हणे यायलेत, रूम रिकामी न्हाई.”

“ती बाई होती पप्पा. ही मशीन आहे.”

“मशीनला शिकवलं कुणी? माणसांनीच ना?”

विशाखा भाकरीचा तुकडा मोडायला लागली.

“उद्या नुसतं विशाखा आनंदराज म्हण,” तो म्हणाला. “तेवढं लई झालं.”

“मार्कमेमोवर हाय की आडनाव,” महामाया चुलीपाशी बसल्या बसल्या नवऱ्याला म्हणाली. “तिथं काय बोट ठिवून झाकणार का तुमी?”

“कागद नंतर बघतेत. तवर दोन वाक्यं तर बोलू दे लेकराला.”

हे म्हणताना त्याचा आवाज खाली आला. त्याला स्वतःचीच लाज वाटली. दारावरची पाटी त्यानंच रंगवून घेतली होती, आडनावासकट, चांगली रस्त्यावरून वाचता येईल एवढी. स्वतःसाठी तो कुणाच्या बापाला भ्याला नव्हता. लेकीसाठी भीत होता.

हात धुऊन तो फोनपाशी येऊन बसला.

“मराठी कळती का हिला?”

“हाव, कळते.” विशाखानं पुन्हा बटण दाबलं.

आनंदराजनं मांडी नीट घातली आणि घसा साफ केला.

“म्याडम, तुमचं पूर्ण नाव काय?”

“नमस्कार! मी एक एआय सहाय्यक आहे. मला आडनाव नाही,” फोन पुस्तकी मराठीत म्हणाला.

“गाव?”

“माझं कोणतंही गाव नाही.”

“वडील काय करतेत?”

“मला वडील नाहीत. मी तुम्हाला आणखी काही मदत करू शकते का?”

आनंदराज फोनकडं बघत राहिला. मग महामायाकडं सरकून, फोनला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाला, “आडनाव सांगंना, गाव सांगंना. आपल्यातलीच दिसती. भेती बिचारी.”

महामाया तोंडाला पदर लावून हसली. विशाखालाही हसू आलं, पण अर्ध्यातच थांबलं. उद्या त्या मॅडमसमोर आपणही असंच बोलणार आहोत, हे तिच्या ध्यानात आलं. तिला राग आला. बापाचा नाही, आपलाच आला.

तिनं फोन ओढून समोर ठेवला आणि ताठ बसली.

“प्लीज आस्क मी अगेन.”

“शुअर! वॉट इज युअर फुल नेम?”

“माय फुल नेम,” विशाखा म्हणाली, “इज विशाखा आनंदराज सोनकांबळे.”

ती कुठंही अडखळली नाही. महामायानं भाकरी थापता थापता हात थांबवला.

फोन गप्प झाला. पडद्यावर नुसतं गोल फिरत राहिलं. तिघंही त्याच्याकडं बघत राहिली.

“रेंज गेली वाटतं,” विशाखा म्हणाली.

“रेंज न्हाई,” आनंदराज फोनवरची नजर न काढता म्हणाला. “इचार करायली.”