पाहुण्याआधी

पाहुण्याने हात लावल्याशिवाय घरच्यांनी घास उचलायचा नाही, ही किरगिझ माणसाची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. बेश-तेरेक वस्तीने यंदा ती संडासाला लावली होती.

बेगिमाय अंगणातल्या चेंबरपाशी उकिडवी बसून आत पाहत होती. आत नवीकोरी नळी, नळीच्या तोंडात लाकडी बूच, बुचाला लाल फीत. फीत गल्लीप्रमुख सागीनालीने स्वतःच्या हाताने बांधली होती. घरोघरी तसंच. नव्या खोलीत पांढरंशुभ्र भांडं बसलं होतं, वरच्या टाकीत पाणी भरलं होतं. गल्लीखालची ड्रेनेजची लाइन शहराच्या लाइनीला मिळाली होती आणि कंत्राटदार आपली माणसं घेऊन केव्हाच निघून गेला होता. राहिलं होतं ते उद्घाटन. जिल्ह्याचे साहेब येणार, पहिली साखळी ओढणार, मग गल्लीने ओढायची.

इथवरही चाललं असतं. पण जुन्या सेप्टिक टाक्या कंत्राटदाराने आधीच उपसून वाळूने बुजवल्या होत्या. नियमच तसा. म्हणजे जुनं बंद, नवं पाहुण्यासाठी राखीव, आणि मधल्या मध्ये अख्खी गल्ली. पुरुष मक्याच्या शेतात जात. बायका कालव्यापलीकडच्या नातलगांकडे सहज म्हणून चहाला जात, आणि नातलग आता दार उघडतानाच तोंड वाकडं करत. साहेबांसाठी आणलेला मेंढा तेवढा गल्लीच्या तोंडाशी, बांधल्या जागी मोकळा होत होता. त्याला रीतभात नव्हती.

बेगिमायने हेही सोसलं असतं. पण तिच्या सासूने, एनेने, चहा सोडला होता.

एनेचे गुडघे गेले होते. शेतापर्यंत चालणं होत नव्हतं, आणि सुनेने भांडं धरावं हे तिला मेल्याहून मेल्यासारखं वाटे. तिने आपला उपाय काढला. पिणंच बंद. उठल्यापासून निजेपर्यंत हातातून वाटी न सुटणारी बाई, आता किटली दिसू नये म्हणून भिंतीकडे तोंड करून पडत होती. ओठांना चिरा गेल्या होत्या. "तहानच नाही गं," म्हणायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, असंच चाललं तर मूत्रपिंडं जातील.

बेगिमाय कालच सागीनालीकडे जाऊन आली होती. तो म्हणाला होता, "साहेब आज ना उद्या येतील, सूनबाई. इतके दिवस कळ काढलीत, आणखी थोडी काढा."

"कळ तुम्ही काढा, बाइके," थोरल्या भावाला म्हणावं तसं ती म्हणाली होती. "तुम्हाला शेत आहे."

आज एनेने वाटीच पालथी घातली होती, आता घोटभरही नको म्हणून. बेगिमाय तशीच उठून अंगणात येऊन बसली होती. आता ती चेंबरमध्ये वाकली आणि दोन्ही हातांनी बूच उपटलं. मग एनेला पाठीवर घेतलं, नव्या खोलीत नेऊन बसवलं आणि दार लावून बाहेर उभी राहिली. बूच हातातच होतं.

वस्तीत बातमीला पाय लागत नाहीत. सागीनाली चौघांना घेऊन आला. उद्घाटनाची तालीम चालली होती, त्यामुळे पाचही जणांच्या डोक्यावर समारंभाच्या उंच पांढऱ्या टोप्या होत्या.

"सूनबाई! पाहुण्याच्या आधी?"

"एने वस्तीत वयाने सगळ्यांत थोर. मांडलेल्या ताटात पहिला हात थोरांचा, तुम्हीच सांगता ना?"

"थोर म्हणजे थोर पुरुष! बायकांना कोण मोजतंय? साहेबांना कळलं तर गल्लीच्या तोंडाला काळं लागेल. काढ त्यांना बाहेर."

"तुम्हीच काढा. हे दार."

कुणी पुढे झालं नाही. तेवढ्यात आतून आवाज आला. कोरडा, पण खणखणीत.

"सागीनाली, तुझ्या आईचं बाळंतपण मी केलं. बाहेर आल्या आल्या पहिलं काय केलंस, तर माझी मांडी भिजवलीस. तेव्हा कुठल्या साहेबाची वाट पाहिली होतीस रे?"

मागच्या चौघांतला एक खोकला. ते हसू होतं.

आत साखळी ओढली गेली. पाणी धो धो खाली गेलं, चेंबरमधून खळखळत गल्लीखाली उतरलं, आणि कुंपणापलीकडे कान देऊन उभ्या असलेल्या बायका एकदम दिसेनाशा झाल्या. थोड्या वेळाने शेजारच्या अंगणात बूच निघाल्याचा आवाज आला. मग त्याच्या वरच्या. मग समोरच्या. टोपीवाल्यांपैकी दोघे घरी काही विसरलंय म्हणत लगबगीने गेले.

"बेशिस्त! नुसती बेशिस्त!" सागीनालीने फोन काढला. "थांबा. साहेबांना म्हणतो, आजच्या आज या. नाहीतर उद्घाटनाला काही उरायचं नाही." जिल्ह्याच्या कचेरीशी आपलं बोलणं चारचौघांना ऐकू जावं म्हणून त्याने स्पीकर लावला.

पलीकडची मुलगी काहीतरी चघळत बोलत होती. "बेश-तेरेक? तुमची लाइन तर सुरू आहे. मग अडचण काय?"

"अहो, सुरू कशी? साहेबांचे हात लागायचेत ना!"

"कोणत्या साहेबांचे?"

"म्हणजे काय? मोठ्या साहेबांचे! मेंढा आणून बांधलाय इथे!"

"असं होय." चघळणं थांबलं. "तुम्ही त्यांना बोलावलंयत का?"

सागीनालीने डावीकडच्या माणसाकडे पाहिलं. त्याने उजवीकडच्याकडे पाहिलं. उजवीकडचा म्हणाला, "मला वाटलं, तुम्ही…"

निमंत्रण कुणी धाडलंच नव्हतं.