नाव कमी करायचा अर्ज

"मालनबाई, कार्डात तुम्ही आहात, तुमचा समाधान आहे. सुनेचं नाव कुठंय?" दवाखान्यातल्या मोफत उपचार योजनेच्या खिडकीतल्या संजनानं रेशनकार्ड उलटसुलट करून पाहिलं.

"लावायचं राह्यलंय."

"लग्नाला किती वर्षं झाली?"

"चार."

आत सून दीपमाला ऑक्सिजनवर होती. हृदयाची झडप निकामी झाली होती. डॉक्टर म्हणाले होते, उद्या सकाळी पहिलं ऑपरेशन हिचंच. फक्त आज मंजुरी येऊ द्या.

"योजना राज्यात राहणाऱ्या सगळ्यांसाठी आहे, मावशी," संजना म्हणाली. "पण ती कुठं राहते, ते कागदावर दिसायला हवं. नाहीतर अधिवासाचा दाखला आणा."

"तो कधी मिळंल?"

"आठ-पंधरा दिवस लागतात."

समाधान आईकडं बघत राहिला. नाव लावायला तहसीलला जायचं त्यानं दोनदा काढलं होतं. आधी माहेरच्या कार्डातलं नाव कमी करून आणू दे, असं आईच म्हणाली होती. माहेरून नाव कमी केल्याचा निरोप आल्यावर म्हणाली, मूल होऊ दे, दोघांची नावं एकदमच लावू.

मनमाडहून निघालेले दीपमालाचे वडील, धोंडीराम, अकराच्या सुमाराला धापा टाकत पोचले. समाधाननं अडचण सांगितली. त्यांनी पिशवीतून आपलं कार्ड काढून खिडकीत सरकवलं. संजनानं नंबर टाकला. स्क्रीनवरचं चाक फिरत राहिलं. मालनबाईनं खिडकीचा गज धरला.

"आहे! दीपमाला धोंडीराम. चालेल हे."

मालनबाई व्याह्यांकडं वळली. "तुमी तर नाव कमी केलं म्हनला व्हता."

"दोनदा गेलो, विहीणबाई. अर्ज लिहून घेतला." धोंडीराम खाली बघत म्हणाले, "सही करायला हात उचलंना."

संजनानं मंजुरीचा अर्ज भरला.

"पाठवलं," संजना म्हणाली. "मंजुरीला संध्याकाळ होईल. काही त्रुटी काढली तर मी हाक मारीन, लांब जाऊ नका. पेशंटजवळ कोण थांबणार?"

समाधान पुढं झाला.

"मी थांबनार," मालनबाई म्हणाली. "माझं लिहा."

"नातं? आई लिहू?"

मालनबाईनं मान हलवली. "सासूच लिहा. अन् त्यांच्या कार्डातलं तिचं नाव आता काढू नका म्हनावं व्याह्यांना."

धोंडीराम तिच्या शेजारीच उभे होते.