परतीची खुर्ची

चंद्रावरच्या खाणीत एकटीच राहणाऱ्या वत्सला तांडेलने खनिज तपासायचा जांभळा दिवा धरला आणि पिवळट दगड हिरवागार उजळला. युरेनियमचं इतकं दुर्मीळ खनिज ती प्रथमच पाहत होती.

परतीच्या यानात खुर्ची एकच, आणि मोलाचा माल सापडला तर ती त्याची, नाहीतर माणसाची. यंदा आतापर्यंत तसा माल सापडला नव्हता, म्हणून ती वत्सलाला मिळाली होती.

“अस्सल आहे?” मालाचं मोल नोंदवणाऱ्या यंत्राने विचारलं. शेवटचा शब्द माणसाचाच लागायचा. नाही म्हटलं असतं, तर कुणाला कळणार होतं?

पण खोटं मोल तिच्या तोंडून निघेना. “अस्सल आहे. सगळ्यात वरचा भाव लाव.”

तिने खुर्चीचा पट्टा दगडाभोवती आवळला. तेवढ्यात पृथ्वीवरून लेकाचा आवाज आला, “आई, तुझ्यासाठी सरंगा मासा आणून ठेवलाय. निघालीस ना?”

तिने आपली भरलेली बॅग दगडाशेजारी ठेवली.

“सामान निघालंय, बाळा.”