हाव म्हणायचं

मेट्रनच्या खोलीतला पंखा फिरत होता, तरी हवा हलत नव्हती. टेबलावर राजीनाम्याचा कागद होता, त्यावर काचेचा पेपरवेट. सिंधुताईंनी तो वाचून बराच वेळ झाला होता. समोर बसलेली तनुजा स्वतःच्या नखांकडे पाहत होती. 

“कारण लिहिलं नाहीस,” शेवटी सिंधुताई म्हणाल्या.

“वैयक्तिक, असं लिहिलंय की.”

“ते काय कारण झालं? सोमवारपासून तुला आयसीयूत परत घ्यायचं ठरलंय. निम्म्या पोरी पुण्याला पळाल्या. व्हेंटिलेटरपाशी उभं करावं असं माझ्याकडं कुणी राहिलं नाही. आन् तू पर्मनंट नोकरी सोडून गावी जाऊन काय करणार?”

तनुजाने खांदे किंचित उचलले आणि खाली सोडले. बाहेरच्या बाकावर तिचे वडील, शेषेराव, तिला नायगावला न्यायला येऊन बसले होते.

नांदेडच्या त्या रुग्णालयातून कोरोनाची दुसरी लाट ओसरून वर्ष होत आले होते. लाट सरताच तनुजाने स्वतः मागून कापडांच्या स्टोअरमधले काम घेतले होते. धुऊन आलेल्या चादरींच्या घड्या घालायच्या, फाटक्या बाजूला काढायच्या. चादरी हाक मारत नाहीत, असे ती एकदा म्हणाली होती. सगळ्याजणी हसल्या होत्या.

तिला थांबवायचे, तर दुखते कुठे ते कळायला हवे होते. सिंधुताई एकेक जागा दाबून पाहू लागल्या.

“तिघींचं काम एकटीनं ओढलंस, त्याचं आहे का?”

“सगळ्यांनीच ओढलं.”

“किटमध्ये दिवसदिवस घोटभर पाणी नाही, त्याचं?”

“ते बी सगळ्यांनाच.”

“घरमालकानं जिन्यावरून परत पाठवलं होतं तुला.”

“त्यानंच मागून पेढे आणले, ताई. बायकोनं ओवाळलं बी.”

तिच्या आवाजात राग नव्हता. धुतलेल्या काचेवरून पाणी उतरावे तसे शब्द उतरत होते. मागे काहीच राहत नव्हते.

सिंधुताईंनी आवाज खाली आणला. “आन् तुझी आई गेली...”

“तवा कुणाचं कोण गेलं न्हाई?”

ते खरे होते. त्या दिवसांत सिंधुताई स्वतः औशाला माहेरी ताप घेऊन पडल्या होत्या. परतल्या तेव्हा तनुजा किट घालून वॉर्डात उभी होती. तिची आई गेली, एवढेच कुणीतरी सांगितले. कुठे, कशी, हे विचारण्याचे ते दिवस नव्हते.

“वॉर्डातला लिंबाजी बाबा आठवतो का?” सिंधुताईंनी वाट बदलली. “मला थोरली लेक समजून नदीकाठचं रान नावावर करत होता. मी हाव म्हणलं, आन् तू पलीकडून म्हणालीस, ताई, आधी सातबारा मागा.”

तनुजाच्या ओठांची एक कड हलली.

तो नियम सिंधुताईंनीच घालून दिला होता. किटमध्ये सगळ्याजणी एकसारख्या. खाटेवरून कुणी सुनेला हाक मारी, कुणी बहिणीला. हाक ज्या नावाने येईल, त्या नावाला हाव, म्हणजे हो, म्हणायचे. त्यांचा जीव निवतो आणि आपल्याला पुढच्या खाटेकडे जाता येते.

“पुढं पुढं नाव ऐकूच येत नव्हतं, ताई,” तनुजा म्हणाली. “हाक आली की तोंडातून नुसतं हाव निघायचं.”

“सगळ्यांचंच तसं झालं होतं.”

“एक बाई होती. खिडकीकडच्या खाटेवर. तुमी औशाला होता तवा. फायली बाहेर, आत नुसता खाटेचा नंबर. तिच्या तोंडावर तो मोठा मास्क. माझ्या गॉगलवर वाफ.”

“मग?”

“‘बबे’ म्हणून हाक मारली. मी म्हणलं, हाव. ‘जेवलीस का’ म्हणली. मी म्हणलं, हाव. जेवले नव्हते. मग हातमोजा धरून म्हणली, ‘थांब की जरा माझ्यापाशी.’”

“आन्?”

“हाव म्हणलं, आन् पुढच्या खाटेकडं गेले. माघारी आले तवा झालं होतं.”

सिंधुताईंनी श्वास सोडला. काटा सापडला होता. आता तो काढता येणार होता.

“यात तुझं काय चुकलं? जाताना तिला तिची बबी भेटली. ती खरी बबी कुठं होती तेव्हा?”

“घरचे फोन लावत होते म्हणे तिला. उचलला न्हाई.”

“घ्या. मायला इथं आणून टाकायचं आन् फोन उचलायचा नाही. कसल्या लेकी असतात.”

“हाव,” तनुजा म्हणाली.

“नंतर तरी आली का ती?”

“आली. सामानाची पिशवी घेतली. लुगडं होतं, चष्मा होता.”

“तुला काही बोलली?”

“अजून बोलत न्हाई माझ्याशी.”

“नको बोलू दे. तिच्यापायी तू का घरी बसतेस?” सिंधुताईंनी पेपरवेट उचलला आणि कागद तिच्याकडे सरकवला. “हा फाडून टाक. सोमवारी ये. कारण नको, काही नको. नुसतं हाव म्हण.”

तनुजाचे ओठ विलग झाले. सवयीचा तो शब्द अगदी कडेवर येऊन थांबलेला सिंधुताईंना दिसला.

दार किलकिले झाले. शेषेराव टोपी हातात घेऊन उंबऱ्याशीच थांबले. मेट्रनबाईंकडे पाहून ओशाळे हसले आणि मग लेकीकडे वळले.

“बबे, नायगावची गाडी लागली हाय. येतीस न्हवं?”

पेपरवेट सिंधुताईंच्या हातातच राहिला. तनुजा उठली, कागदाला हात न लावता वडिलांच्या बाजूने वाट काढत बाहेर पडली. हाव ती कुणालाच म्हणाली नाही.